यारीचा ब्रेक आणि त्याची निगा



बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या ओतशाळेत आपण गेलो, तर नजर प्रथम जाते ती भट्टीकडे. वितळलेल्या लोखंडाचा तो केशरी उजेडच असा असतो की, दुसरीकडे पाहण्याचे सुचत नाही. परंतु त्या लोखंडाने भरलेले भांडे ज्या आकड्याला टांगलेले असते, त्याच्या तारदोराचा माग काढीत वर पाहिले, म्हणजे छताखाली रुळांवर सरकणारा एक लोखंडी पूल दिसतो. ही यारी. कारखान्यातील मंडळी तिला क्रेन म्हणतात, आणि मीही यापुढे तेच नाव वापरणार आहे. त्या पुलावर, खाली उभ्या असलेल्या माणसाला सहसा दिसणार नाही अशा जागी, जेवणाच्या ताटाएवढे एक लोखंडी चाक असते. त्याला दोन्ही अंगांनी कवटाळून धरणारे दोन जबडे असतात. चाकाला ड्रम म्हणतात, जबड्यांना शू म्हणतात, आणि दोघे मिळून होतो तो क्रेनचा ब्रेक. ओझे अंतराळी थांबलेले असते ते याच्या जोरावर.

हा विषय फिटरांचा आहे, चार घरांत ऐकल्या जाणाऱ्या भाषणाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांतील मिळवता माणूस रोज आठ तास अशा टांगत्या ओझ्याच्या आसपास वावरत असतो. त्याच्या डोक्यावर काय आहे, हे घरच्यांनीही थोडेसे समजून घ्यायला हरकत नसावी.

सायकलचा ब्रेक आपण दाबतो तेव्हा लागतो. घाट उतरताना बैलगाडीच्या चाकाला लाकडी ठोकळा घासून वेग आवरीत, तोही कोणी तरी दोर ओढला म्हणजेच घासे. क्रेनच्या ब्रेकची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो लागलेला असणे हीच त्याची स्वाभाविक अवस्था. त्याला सोडवावे लागते. एक दणकट स्प्रिंग दोन्ही शू ड्रमवर सदैव आवळून धरते. चालकाने ओझे उचलण्यासाठी कळ फिरवली की विजेचा प्रवाह दोन ठिकाणी जातो, एक मोटारीकडे आणि दुसरा ब्रेक उघडणाऱ्या यंत्राकडे. प्रवाह थांबला, मग तो चालकाने थांबवला असो वा वीजच गेली असो, स्प्रिंग आपले काम करते आणि ओझे जागच्या जागी थांबते. आगगाडीची साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच न्यायाने. जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८७२ मध्ये जो स्वयंचलित हवेचा ब्रेक सिद्ध केला, त्यात नळीतील दाब नाहीसा झाला की ब्रेक आपोआप लागत असे. काही बिघडले तर यंत्राने चालत राहण्याऐवजी थांबावे, असा हा विचार आहे आणि माझ्या मते यंत्रविद्येतील अत्यंत शहाण्या विचारांपैकी तो एक होय.

आता विद्यार्थ्यांना हटकून पडणारा एक प्रश्न. ताटाएवढा ड्रम दहा टनांचे ओझे धरतो कसे? थोडा हिशेब करू. समजा, क्रेन १० टनांची आहे आणि ओझे मिनिटाला ६ मीटर या वेगाने वर नेते. मोटार मिनिटाला ९६० फेरे घेते आणि तिच्याच दांड्यावर २५० मिलिमीटर व्यासाचा ड्रम बसवलेला आहे. ड्रमच्या एका फेऱ्यात त्याची कड सुमारे ७८५ मिलिमीटर धावते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ७५४ मीटर. आकडा जेवढे अंतर काटतो, त्याच्या सव्वाशेपट अंतर ड्रमची कड काटते. म्हणूनच १०,००० किलोंचे ओझे ड्रमच्या कडेवर, गिअरांतील घर्षण सोडून दिल्यास, अवघे ८० किलोंचे होते. ते धरण्यासाठी ब्रेकची शक्ती साधारण दीडपट ठेवतात, म्हणजे १२० किलोंची. अस्तराच्या घर्षणातून दाबाच्या पस्तीस टक्के जोर मिळतो असे धरले, तर स्प्रिंगने प्रत्येक शू सुमारे १७० किलोंच्या दाबाने ड्रमवर आवळला पाहिजे. ब्रेक मोटारीच्या, म्हणजे अधिक वेगाच्या दांड्यावर का बसवतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. तेथे थोडक्या जोरावर भागते.

परंतु हाच सव्वाशेचा आकडा उलट्या बाजूनेही वाचावा. ड्रम एक पूर्ण फेरा घसरला, तर ओझे खाली येते ते फक्त सहा मिलिमीटर. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि ज्या वेळी "आज ओझे चार बोटे खाली सरकले" असे चालक सांगतो, त्या वेळी ड्रम शूंच्या मधून बारा-पंधरा फेरे घासत गेलेला असतो. ब्रेक ढिला होत असल्याची बातमी खालच्या माणसाला फार उशिरा कळते ती यामुळे.

ब्रेक ढिला पडला की पाना घेऊन वर चढायचे आणि स्प्रिंगचा नट दोन फेरे आवळायचा, हा आपल्याकडे सर्रास चालणारा इलाज आहे. आजच्या भाषणात एकच गोष्ट लक्षात ठेवा असे मला सांगायचे असेल, तर ती या इलाजाविषयीची आहे. स्प्रिंग ही सहसा रोगाचे मूळ नसते. अस्तर झिजलेले असते, किंवा अस्तरावर तेल आलेले असते, किंवा एखादी खीळ गंजून जाम झालेली असते. या तिन्ही दोषांपैकी एकही नट आवळल्याने दूर होत नाही. तो काही दिवस झाकला मात्र जातो.

झिजेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तीत एक फसवी जागा आहे. ब्रेक उघडण्यासाठी पूर्वी बहुधा विद्युत्-चुंबक वापरीत; आज पुष्कळ क्रेनवर थ्रस्टर असतो. थ्रस्टर म्हणजे तेलाने भरलेला एक उभा डबा. त्यात छोटी मोटार व तिने फिरणारा पंखा असतो. पंखा फिरला की तेलाचा दाब वाढतो, दट्ट्या वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला दांडा तरफेच्या मदतीने दोन्ही शू ड्रमपासून दूर करतो. वीज थांबली की स्प्रिंग दांड्याला खाली रेटते आणि शू मिटतात. शू ड्रमपासून दूर जातो तो केवळ अर्धा ते एक मिलिमीटर. तेवढ्यासाठी दांडा मात्र कितीतरी अधिक अंतर वरखाली होतो. तरफेचा तो नियमच आहे.

अस्तर नवीन असताना ब्रेक लागलेल्या स्थितीत हा दांडा तळाला टेकलेला नसतो. त्याच्या खाली थोडी चाल शिल्लक राखलेली असते. अस्तर जसजसे झिजते, तसतसे शूंना ड्रमपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक आत यावे लागते, आणि दांडा दर आठवड्याला थोडा थोडा खाली बसू लागतो. एके दिवशी ती शिल्लक संपते. दट्ट्या डब्याच्या तळाला टेकतो. स्प्रिंग तितकीच ताणलेली असते, तिचा जोर कणभरही घटलेला नसतो. पण तो सारा जोर आता शूंवर न पडता डब्याच्या तळावर पडतो. शू ड्रमला नुसते स्पर्श करून राहतात. अशा वेळी स्प्रिंगचा नट कितीही आवळला तरी ड्रमला त्याची दाद लागत नाही. उलट आवळणाऱ्याला मात्र वाटते की, नट हाताला घट्ट लागतो, तेव्हा ब्रेकही घट्ट झाला.

आमच्या परिसरातील एका ओतशाळेत एक जुने फिटर आहेत. त्यांनी प्रत्येक थ्रस्टरच्या दांड्यावर रंगाच्या दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत, एक पांढरी व एक तांबडी. ब्रेक लागलेला असताना पांढरी रेघ डब्याच्या तोंडावर दिसली पाहिजे. तांबडी रेघ तोंडाशी आली की क्रेन थांबवायची आणि जोडदांड्याची लांबी नव्याने लावून शिल्लक चाल परत मिळवायची. "गुरुजी, मला शिडी चढायला आता गुडघे साथ देत नाहीत," ते म्हणाले, "पण पोराला सांगितलं तर तो चष्मा न लावता सांगतो, पांढरी का तांबडी." मोजमाप इतके सोपे करून ठेवले म्हणजे ते होते. मोठमोठी वेळापत्रके भिंतीवर चिकटवलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा या दोन रेघांवर माझा विश्वास अधिक आहे.

ही झीज आपोआप भरून काढणारे ब्रेकही आता मिळतात, आणि अस्तर मर्यादेपलीकडे झिजले की क्रेन चालूच होऊ न देणारे स्विचही. ते बसवावेत, यात शंका नाही. मात्र आपोआप चालणारा भागही धुळीने अडू शकतो, हे ओतशाळेसारख्या जागी विसरून चालत नाही.

तेलाचे प्रकरण निराळे. शू ज्या भुजांवर बसवलेले असतात त्यांच्या खिळींना तेल हवेच. नाही तर त्या जाम होतात, एक शू लागतो आणि दुसरा अर्ध्यावर अडतो. ड्रमला मात्र तेलाचा थेंबही चालत नाही. या दोन जागांमध्ये अंतर जेमतेम वीतभर! मघाच्या हिशेबात अस्तराचे घर्षण पस्तीस टक्क्यांवरून पंधरावर आले असे धरा. शूंवरचा दाब तोच असूनही ब्रेक ड्रमच्या कडेवर फक्त ५१ किलोंचा जोर धरील, आणि ओझ्याचा ओढा आहे ८० किलोंचा. म्हणजे स्प्रिंग, नट, थ्रस्टर हे सारे ठाकठीक असताना तेलकट बोटांच्या ठशांनी सुरू झालेली गोष्ट ओझे खाली येण्यात संपू शकते. तेव्हा खिळीला तेल थेंबाने द्यावे आणि ओघळ लगेच पुसावा. तेल मुरलेले अस्तर कानशीने घासून किंवा पेटवून "कोरडे" करण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. ती सोडून द्यावी. असे अस्तर बदलावे आणि तेल मुळात कोठून आले ते शोधावे, बहुधा ते शेजारच्या गिअरबॉक्सच्या झिजलेल्या सीलमधून आलेले असते.

येथे एक सूचना आरोग्याची. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे रोग उत्पन्न करते, हे आता निर्विवाद आहे. नवी अस्तरे ॲस्बेस्टॉसविरहितही मिळतात. पण जुन्या क्रेनवर काय बसले आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून ब्रेकमधील धूळ हवेच्या नळीने फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व ते फडके पिशवीत बंद करावे.

आतापर्यंत सांगितले ते ओझे उचलणाऱ्या ब्रेकविषयी. क्रेनचा पूल रुळांवर पुढेमागे चालतो, त्यालाही ब्रेक असतो, आणि त्याचा स्वभाव वेगळा ठेवावा लागतो. तो फार करकचून लावला तर पूल जागीच थबकतो आणि ओझे मात्र लंबकासारखे पुढे झेपावते. उचलीचा ब्रेक पक्का आणि चालीचा ब्रेक सौम्य, असा भेद असायला हवा. उघड्यावरच्या क्रेनला तर वाराही ढकलतो. मुरगावसारख्या बंदरात जुवारीच्या मुखावरून पावसाळ्यात जो वारा सुटतो, त्यापुढे एकट्या ब्रेकवर विसंबता येत नाही; काम संपल्यावर क्रेन रुळाला पकडीने जखडून ठेवावी लागते. खाऱ्या हवेने खिळी लवकर गंजतात, आणि रात्रभरात ड्रमवर तांबेऱ्याचा पातळ थर चढतो तो निराळाच. त्यामुळे किनाऱ्यावर तपासणी अधिक वेळा करणे भाग पडते.

इतकी काळजी कशासाठी, हे सांगणारी एक दुर्घटना आहे. १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या ल्याओनिंग प्रांतात तिएलिंग येथील छिंगहे विशेष पोलाद कारखान्यात क्रेनवरून सुमारे ३० टन वितळलेले पोलाद असलेले भांडे खाली आले. पाळी बदलण्याची वेळ होती आणि कामगार जवळच्याच एका खोलीत एकत्र जमले होते. पोलाद त्या खोलीत शिरले. ३२ माणसे मरण पावली, ६ जखमी झाली. चौकशीत जे आढळले ते या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. विद्युत्-यंत्रणेत बिघाड होऊन मोटारीचा प्रवाह तुटला. परंतु मंडलाच्या रचनेतच दोष असल्यामुळे ब्रेक आपोआप लागला नाही. म्हणजे ज्या शहाण्या विचाराविषयी मी मघाशी बोललो, तोच तेथे तारांच्या जोडणीत हरवला होता. भांडे खाली येऊ लागले. चालकाने कळ मागे घेतल्यावर ब्रेक लागला खरा, पण त्याची शक्ती इतकी अपुरी होती की तो ओझे रोखू शकला नाही. शिवाय ती क्रेन सर्वसाधारण कामाची होती. वितळलेल्या धातूसाठी जी विशेष प्रकारची क्रेन वापरावयास हवी, ती नव्हे. अशा विशेष क्रेनच्या उचलीला दोन स्वतंत्र ब्रेक ठेवतात, ते एवढ्यासाठी की एकाने दगा दिला तरी दुसऱ्याने ओझे धरावे.

या घटनेवरून आपल्याकडील नव्या क्रेनविषयी एक शंका मनात येते. हल्ली मोटारीचा वेग विजेच्या वारंवारितेने कमीजास्त करण्याची सोय असते. चालकाने कळ मागे घेतली की मोटारच ओझ्याला हळूहळू थांबवते, आणि ब्रेक लागतो तो ओझे जवळजवळ स्थिर झाल्यावर. अस्तर झिजत नाही, धक्का बसत नाही, सर्व खूष असतात. पण ब्रेकला रोज काही कामच नसल्यामुळे त्याचा अशक्तपणाही रोज दिसत नाही. तो दिसतो, पूर्ण ओझे पूर्ण वेगाने उतरत असताना वीज जाते त्या दिवशी. म्हणून अशा क्रेनच्या ब्रेकची परीक्षा जुन्या क्रेनपेक्षा अधिक काटेकोरपणे, मुद्दाम ठरवून घ्यावी लागते. "ब्रेकला काही होत नाही, वर्षभर हात लावला नाही," असे अभिमानाने सांगणारे मला भेटले आहेत. त्यांचा अभिमान मला समजतो. त्यांच्या क्रेनखालून जाण्याची मात्र इच्छा होत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांची वर्षातून निदान एकदा योग्य व्यक्तीकडून कसून तपासणी करावी व तिची नोंद ठेवावी, असे बंधन घातले होते. वार्षिक तपासणी हवीच. पण अस्तर वर्षाची वाट पाहत नाही. चोवीस तास राबणाऱ्या क्रेनचे अस्तर त्यापूर्वी कितीतरी आधी संपू शकते.

मग ब्रेक लावण्याचे काम प्रत्यक्ष कसे करतात? सर्वांत आधी आकड्यावरचे ओझे जमिनीवर टेकवून सोडवायचे. हे सांगायला नको असे वाटेल, पण ब्रेक म्हणजे ओझ्याचा आधार, आणि ओझे टांगलेले असताना शू सैल करणे म्हणजे स्वतःच तो आधार काढून घेणे होय. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली वर चढणाऱ्या फिटरच्या खिशात ठेवायची, मुकादमाच्या टेबलावर नव्हे. ड्रम गरम असेल तर तो आपोआप निवू द्यायचा. घाईने पाणी ओतले तर बिडाला तडे जातात. ड्रमवर जाळीसारख्या बारीक भेगा किंवा खोल चऱ्या दिसतात का, अस्तराचे रिव्हेट पृष्ठभागाच्या किती जवळ आले आहेत, खिळी मोकळ्या आहेत का, थ्रस्टरमधील तेल खुणेपर्यंत आहे का, हे पाहायचे. रिव्हेटची डोकी ड्रमला लागू लागेपर्यंत थांबलात तर अस्तराबरोबर ड्रमही गेला म्हणून समजा.

यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी जोडदांड्याने शिल्लक चाल लावायची. मग स्प्रिंगची लांबी पट्टीने मोजून बनवणाऱ्याने दिलेल्या खुणेवर आणायची. नट हाताला किती घट्ट लागतो यावर नव्हे. शेवटी हातातरफेने ब्रेक उघडून दोन्ही बाजूंची फट फीलर गेजने मोजायची व समतोल राखणाऱ्या बोल्टने ती सारखी करायची. एका बाजूला दीड मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला शू घासतोच आहे, अशी स्थिती असली तर ते अस्तर तापून निकामी होते. सर्व चेक नट आवळून झाल्यावर हातातरफ मूळ जागी परतली आहे ना, हे पुन्हा एकदा पाहायचे. ती अडकून राहिली तर ब्रेक उघडाच राहतो.

परीक्षा रिकाम्या आकड्याने सुरू करावी. तीन-चार वेळा वरखाली करून, मग पूर्ण ओझे जमिनीपासून वीतभर उचलून थांबवावे आणि पाच मिनिटे नुसते पाहत राहावे; भिंतीवर किंवा खांबावर खडूची रेघ मारली की सरकणे लपत नाही. ते स्थिर राहिले तर उतरण्याच्या दिशेने परीक्षा घ्यावी, कारण वर जाताना गुरुत्वाकर्षण ब्रेकला मदत करते आणि खाली येताना त्याच्या विरुद्ध जाते. थोड्याच उंचीवरून, पण पूर्ण वेगाने उतरवीत कळ सोडावी आणि ओझे किती सरकून थांबले ते मोजावे. हे चालू असताना आवारात कोणी नको. मग तारीख, दोन्ही फटी, स्प्रिंगची लांबी, दांड्याची रेघ आणि सरकलेले अंतर हे पाच आकडे वहीत लिहावेत. एकट्या आजच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. परंतु मागल्या चार महिन्यांचे आकडे एकाखाली एक असले, आणि सरकण्याचे अंतर दर वेळी दोन बोटे वाढत गेलेले दिसले, तर अस्तर मागवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी भांडाराकडे जाऊ शकते.